वाद्यं मांडीवर ठेवायचं ठरलं होतं

ऑर्केस्ट्रात तिला सगळे पिपाणी म्हणायचे. ती नवीन आली तेव्हा तिच्या ओबोतून, म्हणजे सनईसारख्या त्या फुंकून वाजवायच्या वाद्यातून, खेळण्यातल्या पिपाणीसारखाच आवाज निघायचा, आणि मागच्या रांगेतल्या कुणीतरी हे नाव ठेवलं. पुढे तिचा ओबो इतका गोड झाला की तालमीच्या खोलीबाहेरून जाणारी माणसं दाराशी थांबायची, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं. ओबो वाजवणारी ती एकटीच होती. सगळ्यांनी आपापली वाद्यं जुळवायची ती तिच्या सुरावर, त्यामुळे चेष्टा करणारेसुद्धा तालमीच्या सुरुवातीला तिच्याकडे तोंड करून गप्प बसायचे.

तिची सख्खी मोठी बहीण त्याच ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसायची. ताई बोलायला लागली की पोरं ऐकायची. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाला तालमीला उशीर झाला, कुणाची तार तुटली, सगळं ताईकडे यायचं. ऑर्केस्ट्राचे सर गमतीनं म्हणायचे, "मी नुसता हात हलवतो, चालवते ही." पिपाणीला ताईचा अभिमान होता. लहानपणापासून दोघी एका खोलीत झोपत होत्या, एकाच खिडकीपाशी उभ्या राहून रियाज करत होत्या. ताईनं सांगितलं असतं की विहिरीत उडी मार, तर पिपाणीनं फक्त एवढंच विचारलं असतं, की बूट काढू का?

त्या वर्षीचा कार्यक्रम मोठा होता. शहरातलं सगळ्यात चांगलं सभागृह मिळालं होतं. पूर्वार्धात एक जुनी, भारदस्त सिम्फनी आणि उत्तरार्धात लोकांच्या ओठांवरची गाणी. शेवटी सरांनी स्वतः बांधलेली एक गुंफण होती. पाच-सहा गाणी एकमेकांना जोडलेली, म्हणून पोरांनी तिचं नाव गोधडी ठेवलं होतं. गोधडीतलं शेवटचं गाणं सगळ्यात सुंदर होतं. आधी सगळं शांत व्हायचं, मग ओबो एकटा ते गाणं सुरू करायचा, एक अख्खं कडवं. आणि ते कडवं संपता संपता स्टेजच्या पुढच्या भागातून पिल्लं वाजवायला लागायची.

पिल्लं म्हणजे लहान मुलांचा वर्ग. कुणाचे पुढचे दात पडलेले, कुणाचे पाय खुर्चीवर बसलं की लोंबकळायचे. दर शनिवारी मोठी मुलं त्यांना शिकवायची. पिपाणीकडे बासरीवाली चार पोरं होती, त्यात एक भिंगरी. ही भिंगरी एका जागी बसत नसे. वाजवताना उठायची, गोल फिरायची, मध्येच विचारायची, "पिपाणीताई, डास चावला की वाजवायचं थांबायचं का?" पण त्या शेवटच्या गाण्यासाठी तिनं कमाल केली होती. घरच्यांनी कंटाळून तिला जिन्यात बसवलं, तर तिनं जिन्यात वाजवलं. आठ सूर होते तिच्या वाट्याला. ते आठ सूर आता शेजारपाजारच्या सगळ्यांना पाठ झाले होते.

कार्यक्रम जवळ आला आणि सरांनी एक दिवस तालीम संपल्यावर सगळ्या मोठ्या मुलांना थांबवून घेतलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"संगीत महाविद्यालयाचे प्रमुख येणार आहेत ऐकायला," ते म्हणाले. "रेकॉर्डिंगही होणार आहे. तेव्हा पिल्लांना या वेळी स्टेजवर नको. पहिल्या रांगेत बसतील, शेवटी टाळ्या वाजवतील. गोड दिसेल."

"सर, पण त्यांनी महिनोन्महिने..." पिपाणी म्हणाली.

"बेसूर होतात गं ती. आपल्यात चालतं, रेकॉर्डिंगमध्ये नाही चालत."

"त्यांना सांगितलंत?"

"सांगतो. आईवडिलांना सांगतो." सरांनी ऑर्केस्ट्रा चालवायची काठी उचलली, पिशवीत घातली आणि ते निघून गेले. वाईट माणूस नव्हता. याच माणसानं कितीतरी पोरांना फुकट शिकवलं होतं, जुनी वाद्यं मिळवून दिली होती. पण त्या दिवशी ते कुणाच्या नजरेला नजर न देता गेले.

सगळे वाद्यांच्या खोलीत जमले. तिथे चेलोच्या मोठ्या पेट्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या, ड्रमवर चादरी टाकलेल्या. पोरं चिडली होती. ढोलताशे बडवणारा धडधड्या म्हणाला, मी कार्यक्रमालाच येत नाही. क्लॅरिनेटवाला लंबू म्हणाला, माझा धाकटा भाऊ पिल्लांत आहे, मी त्याला घरी काय तोंड दाखवू? तेव्हा ताई एका पेटीवर चढून बसली.

"घरी बसून काय होणार?" ती म्हणाली. "दुसरे बोलावतील. आपण जायचं, सगळं वाजवायचं, झकास वाजवायचं. शेवटचं गाणं येईपर्यंत. मग सगळ्यांनी वाद्यं मांडीवर ठेवायची. बस. कुणी ओरडायचं नाही, उठायचं नाही. सगळं शांत. मग मी उभी राहीन आणि म्हणेन, सर, आमची पिल्लं खाली बसली आहेत, त्यांना वर घ्या म्हणजे आम्ही वाजवतो. पाहुण्यांसमोर सर नाही म्हणतील का?"

मग धडधड्यानं चादरीवरूनच ड्रमवर हात मारला. सगळे हसले. ताईनं हात पुढे केला, त्यावर एकेकानं हात ठेवला. हातांचा ढीग झाला. पिपाणीचा हात सगळ्यांत वर होता.

"तुझ्यापासून सुरुवात आहे," ताई तिला म्हणाली. "ते गाणं तुझ्याच सुरानं उघडतं. तू नाही वाजवलंस की सगळं थांबतं. घाबरशील का?"

"मी?" पिपाणी म्हणाली. तिला हसू आलं. "तू असताना?"

पुढचे दिवस ती त्याच धुंदीत होती. सरांच्या फोननंतर पिल्लांच्या घरोघरी रडारड झाली होती. शनिवारच्या वर्गाला भिंगरी आली तीच तोंड पाडून. "आम्ही घाण वाजवतो का?" तिनं विचारलं. पिपाणीच्या जिभेवर आलं होतं, की तू बासरी घेऊन ये, बघच काय होतं ते. पण ठरलेली गोष्ट फोडायची नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बासरी मात्र बरोबर आण हं. असू दे हातात." भिंगरीनं मान हलवली.

त्या आठवड्यात ताई घरी कमी असायची. सरांकडे काम आहे म्हणायची. एकदा पिपाणी रियाज करत असताना ताई दारात उभी राहून बराच वेळ ऐकत राहिली. "ते कडवं पुन्हा वाजव," म्हणाली. पिपाणीनं वाजवलं. "पुन्हा." पिपाणीनं पुन्हा वाजवलं. तिसऱ्या ओळीच्या मध्ये ती श्वास घ्यायची, जिथे कुणी घेत नाही तिथे. त्यामुळे पुढचा सूर जरा उशिरा, जरा दबकत यायचा, जसं कुणी सांगू की नको असा विचार करून मग सांगावं. "इथे का श्वास घेतेस?" ताईनं विचारलं. "छान वाटतं," पिपाणी म्हणाली. ताईनं ती ओळ हळूच गुणगुणून पाहिली.

"तू कशाला ऐकतेस? वाजवायचं तर नाहीच ना ते," पिपाणी हसून म्हणाली.

"पिल्लं वर आली की वाजवावं लागेल ना," ताई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरून गेलं. आई तिसऱ्या रांगेत होती. ती एका दवाखान्यात फोन घ्यायच्या कामाला होती, आणि दोन्ही मुली एकत्र स्टेजवर बसणार म्हणून तिनं पाळी बदलून घेतली होती. पहिल्या रांगेत पिल्लं ओळीनं बसली होती, धुतलेल्या तोंडांनी. भिंगरीच्या मांडीवर बासरी होती.

सिम्फनी अशी वाजली की सरांचेसुद्धा डोळे भरून आले. इतक्या वर्षांत असं वाजवलं नव्हतं पोरांनी. मध्यंतरात पिपाणी ओबोच्या तोंडाची वेताची पट्टी, रीड, पाण्यात भिजवत उभी होती, तिच्या अंगावर रोमांच होते. लंबू शेजारून गेला. तिनं त्याला हलकेच कोपर मारलं, "आता बघ." लंबूनं तिच्याकडे पाहिलंच नाही. क्लॅरिनेट पुसत पुसत दुसऱ्या टोकाला गेला. घाबरलाय, तिला वाटलं. ती ताईपाशी गेली. ताई आरशासमोर केस बांधत होती.

"ठरलंय ना?" पिपाणीनं कानात विचारलं.

"हो गं," ताई आरशातूनच म्हणाली. "जा, बस जागेवर."

उत्तरार्धात लोक खुर्च्यांत बसल्या बसल्या डुलू लागले. गोधडी सुरू झाली. एक गाणं, दुसरं, तिसरं. धडधड्या नुसता सुटला होता. मग हळूहळू सगळं उतरत गेलं, व्हायोलिनं विरली, सरांनी डावा हात खाली आणला आणि सगळं शांत झालं. सरांनी पिपाणीकडे पाहिलं आणि काठी उचलली.

पिपाणीनं ओबो मांडीवर ठेवला.

सरांची काठी हवेतच होती. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. तिनं मान वळवून ताईकडे पाहिलं. ताईनं आता उठायचं होतं. ताईच्या हनुवटीखाली व्हायोलिन होतं. बाकी सगळ्यांचीही वाद्यं हातात होती, ओठांशी होती, खांद्यावर होती. एकाचंही मांडीवर नव्हतं. तिला आधी वाटलं, की विसरले की काय सगळे?

आणि तिच्या अगदी पाठीमागून गाणं सुरू झालं.

क्लॅरिनेट. लंबू उभा राहून तिचं कडवं वाजवत होता. एकही सूर अडखळला नाही. क्लॅरिनेटसाठी तेच गाणं वेगळ्या पट्टीत लिहावं लागतं, वेळेवर मनानं वाजवायची ती गोष्ट नाही, हे तिला माहीत होतं. म्हणजे लिहिलं होतं. बसवलं होतं. तालीम झाली होती. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये, जिथे कुणी श्वास घेत नाही तिथे, लंबूनं श्वास घेतला.

तेव्हा तिला कळलं. ती वाद्य खाली ठेवणार हे त्यांना माहीत होतं. ती एकटीच ठेवणार हेही माहीत होतं. तिच्या प्रामाणिकपणाची त्यांनी आधीच तजवीज करून ठेवली होती.

मग सगळा ऑर्केस्ट्रा लागला. तिच्या चहूबाजूंनी ते गाणं भरतीसारखं चढत गेलं आणि ती मध्ये रिकाम्या हातांनी बसून राहिली. ओबो उचलून त्यांच्यात सामील व्हावं, एवढंही तिला सुचलं नाही. समोर भिंगरीनं बासरी उचलली होती. बहुतेक तिचे आठ सूर आले होते. शेजारच्या बाईंनी तिचा हात धरून खाली केला.

लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. महाविद्यालयाचे प्रमुख स्टेजवर आले, त्यांनी ताईचा हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं. ताई हसत होती आणि तिचे गाल लाल झाले होते.

पडद्यामागे सरांनी पिपाणीच्या डोक्यावर हात ठेवला. तिथे आई आली होती, दोन-चार पालकही होते. "घाबरली पोरगी," सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेनं म्हणाले. "होतं असं. मोठं सभागृह, दिवे. नशीब, आमच्या लंबूनं सावरून घेतलं."

"अगं बाई," आई म्हणाली आणि तिनं पिपाणीला जवळ घेतलं. पालक म्हणाले, चालायचंच. भिंगरी त्यांच्या पायांमधून घुसून पुढे आली.

"पिपाणीताई, तू विसरलीस का?"

सगळे तिच्याकडे बघत होते. "हो," ती म्हणाली. "विसरले."

लंबू तिला वाद्यांच्या पेट्यांपाशी सापडला. पळून जायला जागा नव्हती त्याला. "मला वाटलं, तुला सांगितलं असेल," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "नाही. नव्हतं वाटलं." त्यानं सांगितलं ते असं: दुसऱ्याच दिवशी ताईनं सरांना सगळं सांगितलं होतं. सरांनी एकेकाला बोलावलं. म्हणाले, असं काही झालं तर सभागृह पुन्हा मिळणार नाही, ऑर्केस्ट्रा बंद पडेल, मग पिल्लांना कोण शिकवणार? एकेक जण मान डोलावून बाहेर आला. "आणि तुझं कडवं," लंबू खाली बघत म्हणाला, "तुझ्या ताईनंच शिकवलं. गाऊन दाखवायची."

ताईशी ती घरी गेल्यावर बोलली. आई स्वयंपाकघरात पानं घेत होती. ताई पलंगावर बसून पायातले मोजे काढत होती.

"का?" पिपाणीनं विचारलं.

"मी सरांना सांगायला गेले नव्हते," ताई म्हणाली. "मी त्यांना मनवायला गेले होते, की आधीच मान्य करा, म्हणजे असं काही करायची वेळ येणार नाही. तर ते म्हणाले, ते प्रमुख तुझ्यासाठी येतायत. मी बोललोय त्यांच्याशी. तुझी जागा तिथे जवळजवळ पक्की आहे, आणि तू त्यांच्यासमोर बंड करणार? मग मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"मी उभी राहिले असते. मी बोलले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," ताई म्हणाली. तिनं बाहीनं डोळे पुसले. "सर म्हणत होते, तिला त्या दिवशी घरीच ठेव, ताप आलाय म्हणून सांगू. मी नाही म्हटलं. मी त्यांना म्हटलं, तिला पूर्वार्ध वाजवू दे, सिम्फनी तिच्याशिवाय होणार नाही. मी भांडले तुझ्यासाठी."

ताईला खरंच वाटत होतं की तिनं उपकार केलेत. तेच सगळ्यात भयंकर होतं. परक्यानं केसानं गळा कापला तर माणूस आरडाओरडा तरी करतो. इथे कापणारीच डोळे पुसत होती आणि मलम लावल्याबद्दल आभार मागत होती.

"हात सगळ्यांत खाली तुझा होता," पिपाणी म्हणाली. "पहिला तूच पुढे केला होतास."

आई दारात येऊन उभी होती. तिनं किती ऐकलं कोण जाणे. "जेवायला चला," ती म्हणाली. जेवणं झाली. भांडी घासताना पिपाणीनं आईला सगळं सांगितलं. आईनं नळ बंद केला, हात पुसले.

"चुकलं तिचं," आई म्हणाली. "पण आत्ता कुठे बोलू नकोस. तिचं नक्की होऊ दे. इतक्या वर्षांची मेहनत आहे गं तिची."

"आणि सगळे म्हणतायत मी घाबरले, ते?"

"विसरतील लोक चार दिवसांत."

त्या रात्री पिपाणीनं आपली गादी उचलली आणि बाहेरच्या खोलीत घातली. दुसऱ्या दिवशी ती परत आत नेली नाही, आणि कुणी ने म्हटलंही नाही.

पुढच्या तालमीला ती गेली ती वाद्य न घेता. सगळे सूर जुळवायला तयार होऊन बसले होते. ती सरळ सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, मी घाबरले नव्हते."

सरांनी चष्मा काढला. "मला माहीत आहे."

"मग सगळ्यांना सांगा. पालकांनाही."

"बाळा, झालं ते झालं. कार्यक्रम छान झाला. पुढच्या वेळी पिल्लांना नक्की घेऊ."

तिनं खोलीभर नजर फिरवली. धडधड्या ड्रमचा स्क्रू पिळत होता, तो आधीच घट्ट होता. लंबू छताकडे बघत होता. ताईनं व्हायोलिनच्या गजाला राळ लावायला घेतली होती. एकानंही म्हटलं नाही की सर, ती खरं बोलतेय. ती बाहेर पडली. तिच्यामागे दार लागायच्या आत पियानोवर कुणीतरी सूर दिला आणि सगळे त्यावर जुळवू लागले.

ऑर्केस्ट्रा तिनं सोडला. शनिवारचा वर्ग मात्र सोडला नाही. सरांनीही तिला नको म्हटलं नाही. त्यांना ते जमलं नसावं. पहिल्याच शनिवारी भिंगरी बासरी न काढता बसून राहिली. पिपाणीनं तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"मी त्या दिवशी तुला खोटं सांगितलं," ती म्हणाली. "मी विसरले नव्हते. तुम्हाला वर घेतलं नाही म्हणून मी वाजवलं नाही. आम्ही कुणीच वाजवणार नव्हतो. सगळ्यांनी ठरवलं होतं."

भिंगरीनं डोळे बारीक केले. "पण बाकीच्यांनी तर वाजवलं."

"हो."

"तुझ्या ताईनं पण?"

"हो."

"आणि तू एकटीच वेड्यासारखी बसलीस?"

"एकटीच."

भिंगरीनं थोडा वेळ विचार केला. ती चक्क एका जागी बसली होती. "मला सांगितलं असतंस," ती शेवटी म्हणाली, "तर मी खालून वाजवलं असतं. जोरात. बाईंना चावले असते." आणि तिला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पिपाणीलाही आलं. बाकीची तीन पोरं बासऱ्या हातात धरून दोघींकडे बघत राहिली.

ताईचं महाविद्यालयात नक्की झालं. ती गेली त्या दिवशी आईचा गुडघा दुखत होता म्हणून पिपाणीनं तिची जड बॅग जिन्यावरून खाली नेली आणि गाडीत ठेवली. ताईनं तिला मिठी मारली. पिपाणी उभी राहिली, तिनं हात मागे घेतले नाहीत आणि पुढेही केले नाहीत.

आता ताई दर रविवारी फोन करते. पिपाणी बोलते. आईच्या औषधांबद्दल, भाड्याच्या घराच्या गळक्या नळाबद्दल, तिकडच्या थंडीबद्दल. तिनं दुसरीकडे ओबो शिकायला सुरुवात केली आहे, तेही सांगते. एकदा ताईनं मध्येच विचारलं, "अजून रागावली आहेस का गं माझ्यावर?"

पिपाणीनं खरंच विचार केला. "राग गेला," ती म्हणाली. "पण तू काही सांगितलंस की आता मी आईला विचारून खात्री करून घेते."

मग ताई म्हणाली, आईला फोन दे.